लांब पल्ल्याची डिस्क कशी निवडावी?

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला गेलात, तर जवळच्या पार्कात खांबाला साखळ्या आणि खाली टोपली, असं काहीतरी दिसण्याची शक्यता आहे. हा डिस्क गोल्फ. चेंडूऐवजी तबकडी, खळग्याऐवजी टोपली; कमीत कमी फेकींत तबकडी टोपलीत पोचवायची. बरीच मैदानं सार्वजनिक आणि फुकट असतात, त्यामुळे खर्च होतो तो डिस्कवर. त्यातही नवे खेळाडू सगळ्यात जास्त फसतात ते ‘डिस्टन्स ड्रायव्हर’, म्हणजे लांब पल्ल्याची डिस्क घेताना.

म्हणून दुकानात जाण्याआधी आपली फेक मोजून घ्या. अमेरिकन फुटबॉलचं मैदान एका गोलरेषेपासून दुसरीपर्यंत बरोबर 300 फूट असतं. हाताशी असलेली साधी डिस्क पाच-सहा वेळा फेका, सर्वांत लांब गेलेली फेक सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. ती सोडून दिलेली फेकच आपल्याला नेमकी लक्षात राहते, आणि खरेदीही तिच्याच भरवशावर होते!

आता डिस्कवरचे चार आकडे पाहू. ‘इनोव्हा’ कंपनीची ‘डिस्ट्रॉयर’ ही प्रसिद्ध डिस्क घ्या: 12, 5, -1, 3. पहिला आकडा वेगाचा, म्हणजे ती नीट उडायला किती जोर लागतो त्याचा. दुसरा तरंगण्याचा. तिसरा ‘टर्न’, म्हणजे सुरुवातीच्या वेगात ती किती उजवीकडे कलते. चौथा ‘फेड’, म्हणजे वेग मंदावल्यावर किती डावीकडे वळते. हे उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्यासाठी. डावखुऱ्यांनी दिशा उलट धराव्यात.

एकच डिस्क आधी उजवीकडे आणि मग डावीकडे का जाते? हवेचा उचलणारा जोर तिच्या नेमक्या मध्यावर पडत नाही. वेगात असताना तो मध्याच्या मागे असतो, वेग उतरला की पुढे सरकतो. स्थिर वस्तू अशा जोराने पुढे किंवा मागे झुकली असती. फिरती वस्तू मात्र, भोवऱ्यासारखी, बाजूला कलते.

टर्न आणि फेड दोन्ही माफक असतील, तर डिस्क बराच वेळ सरळ जाते आणि शेवटी भरवशाने डावीकडे येते. लांब पल्ल्याच्या डिस्कमध्ये हिलाच सहसा ‘स्टेबल’ म्हणतात. ‘फायरबर्ड’सारखी 9, 3, 0, 4 आकड्यांची डिस्क ‘ओव्हरस्टेबल’. ती लवकर आणि जोरात डावीकडे जाते.

खरी गोची पुढेच आहे. हे आकडे पुरेसा वेग मिळाला तरच खरे ठरतात. आपला हात कमी पडला, तर -1 चा टर्न दिसतच नाही आणि 3 चा फेड तेवढा उरतो. स्टेबल म्हणून आणलेली डिस्क हातातून सुटल्या सुटल्या डावीकडे घसरते. मग माणूस ती मुद्दाम उजवीकडे तिरपी धरून फेकायला लागतो, आणि ही सवय सुटता सुटत नाही. सरासरी फेक 300 फुटांच्या आत असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की 12 च्या वाटेला जाऊच नये. ‘लेपर्ड’ (6, 5, -2, 1) किंवा ‘टीबर्ड’ (7, 5, 0, 2) घ्या. बहुतेकांची ती जास्त लांब जाते.

दुकानात डिस्क हातात धरून पाहा. डिस्ट्रॉयरची कड 2.2 सेंटिमीटर रुंद असते, टीबर्डची 1.7. बोटं लहान असतील तर रुंद कड पकडीत नीट बसत नाही, आणि डिस्क थरथरत सुटते. मग सपाट जागेवर ठेवून बाजूने बघा: वरचा फुगवटा जास्त असेल तर ती सहसा जास्त तरंगते. एकाच नावाच्या दोन डिस्कमध्येही हा फरक सापडतो, म्हणून पहिली हाताला लागली तीच उचलू नका.

वजनाला नियम आहे: व्यासाच्या दर सेंटिमीटरला जास्तीत जास्त 8.3 ग्रॅम. ड्रायव्हरचा व्यास 21 सेंटिमीटरच्या आसपास असल्यामुळे त्याची मर्यादा साधारण 175 ग्रॅमवर येते. सुरुवातीला 160 ते 168 ग्रॅमची बरी, कारण हलकी डिस्क कमी वेगातही कलते. प्लॅस्टिक स्वस्तातलं घेतलंत तर झाडांवर आपटून कड लवकर झिजते, आणि झिजलेली डिस्क जास्त उजवीकडे जायला लागते.

चाचणी वारा पडलेला असताना घ्या. समोरून वारा असेल तर डिस्क नेहमीपेक्षा जास्त उजवीकडे कलते, पाठीमागून असेल तर लवकर डावीकडे पडते. फेकताना पुढची कड वर उचलली जात नाही ना, हेही कुणाला तरी बाजूला उभं करून पाहायला सांगा. कड वर असली की डिस्क आधी आभाळात चढते आणि मग डावीकडे कोसळते, आणि दोष मात्र बिचाऱ्या डिस्कला लागतो.

डेन्व्हरसारख्या सुमारे 1,600 मीटर उंचीवरच्या शहरात हवा विरळ असल्यामुळे प्रत्येक डिस्क थोडी जास्तच ओव्हरस्टेबल वागते. तिकडे खेळणार असाल, तर -2 किंवा -3 टर्नची एखादी डिस्क पिशवीत असू द्या.