कोणता खेळ मोठा?

बेळगावच्या कॅम्पात पावसाळा लागला की शाळांच्या मैदानांवर चिखल होतो, आणि चिखल झाला की फुटबॉलला रंग चढतो. अशाच एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्ही काही मंडळी पाऊस उघडण्याची वाट पाहत चर्चच्या पडवीत उभी होतो. त्यांत सेंट पॉल्स हायस्कुलाचे तिघे जुने विद्यार्थी होते. बोलता बोलता वाद निघाला, की आपल्या शाळेचे नाव खरे राखले ते कोणत्या खेळाने? वाद गमतीने सुरू झाला खरा. परंतु पाव तास लोटला, तरी कोणी मागे हटावयास तयार होईना.

एकाने फुटबॉलची बाजू घेतली, आणि ती लेचीपेची नव्हती. येशूसंघीय धर्मगुरूंनी 1856 साली स्थापन केलेल्या या शाळेत फुटबॉल हा केवळ खेळ नव्हे, तो घरोघरचा वारसा आहे. बाप खेळला म्हणून मुलगा खेळतो. फादर एडी यांच्या स्मरणार्थ शाळेचे माजी विद्यार्थी आंतरशालेय फुटबॉल सामने भरवितात. या स्पर्धेने पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे. बेळगावातील इतर शाळांची मुलेही त्या करंडकासाठी वर्षभर घाम गाळतात. शिवाय एक चेंडू असला की बावीस मुले खेळतात. शेतकऱ्याच्या किंवा सुताराच्या मुलाला याहून स्वस्त सांघिक खेळ कोणता?

दुसरा म्हणाला, "अहो, स्वस्ताई कसली सांगता? मुलांना विचारा, त्यांना काय हवे आहे!" त्याचा रोख अर्थातच क्रिकेटकडे होता. 1983 साली भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हापासून गल्लीबोळांतून बॅट आली ती आलीच. बेळगावातच जन्मलेला रोनित मोरे कर्नाटकाच्या रणजी संघाकडून जलद गोलंदाजी करू लागला, तेव्हा तर व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चेंडू फेकणाऱ्या प्रत्येक पोराला आपणही तेथवर पोहोचू असे वाटू लागले. हेही नाकारता येत नाही. मात्र पॅड, हातमोजे, बॅट यांची किंमत मोजताना आईबापांची काय दशा होते, हे त्या गृहस्थाने सांगितले नाही. तो अविवाहित आहे.

तिसरे वयोवृद्ध काका बराच वेळ गप्प होते. शेवटी एवढेच म्हणाले, "आमच्या वेळी हॉकी होती."

वाचकहो, त्या चार शब्दांवर दोघेही हसले; मला मात्र हसू आले नाही. 1964 साली टोकियो येथे ज्या भारतीय संघाने अंतिम सामन्यात पाकिस्तानचा 1-0 असा पराभव करून सुवर्णपदक परत मिळविले, त्या संघात आपल्या बेळगावचे बंडू पाटील होते. त्याच संघाचे गोलरक्षक शंकर लक्ष्मण हे मूळचे महूचे. पण सेवा त्यांची मराठा लाइट इन्फंट्रीत, आणि त्या पलटणीचे केंद्र 1922 पासून बेळगावात. एका सुवर्णपदकाशी या गावाचे असे दुहेरी नाते. तरीही आज शाळकरी मुलांना 'बंडू पाटील कोण?' असे विचारावे, तर किती हात वर होतील?

हॉकी मागे का पडली, याचे एक कारण आपल्या पायांखालीच सापडते. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली, आणि ज्या भारताने पूर्वी सुवर्णपदकांची रास मांडली होती, तो सातव्या क्रमांकावर आला. त्या हिरवळीवर चेंडू निराळ्या वेगाने धावतो, उसळतही नाही. मातीवर अंगी बाणलेले कसब तेथे अपुरे पडते. आणि अशी हिरवळ अंथरणे व ती पाणी मारून राखणे सामान्य शाळेच्या ऐपतीबाहेरचे. मुलांनी हॉकी सोडली असे आपण म्हणतो. खरे पाहता, मुलांच्या पायांखालची जमीनच बदलली.

येथवर आमचा वाद तीन खेळांतच फिरत होता. वास्तविक बेळगावाहून उत्तरेस निपाणीकडे गेले, की हा प्रश्न निराळाच होऊन बसतो. तेथे शाळा-कॉलेजांच्या खेळांवर सरहद्दीचीही सावली पडते. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, आणि बेळगाव-निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. आज निपाणीतील बागेवाडी कॉलेज बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाशी जोडलेले आहे. आणि निपाणीला अगदी लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली येते. एकाच गल्लीतील दोन मित्र एकाच आखाड्यात अंगाला माती लावून घुमत असतील. पण विद्यापीठाच्या स्पर्धा आल्या की एक एका राज्याचा, दुसरा दुसऱ्या राज्याचा. त्यांच्या तालमीतील वस्तादांनी कोणाच्या नावाने शाबासकी द्यावी?

आणि त्या भागात 'मोठा खेळ कोणता' असे विचारणेच व्यर्थ आहे. उत्तर एकच मिळेल: कुस्ती. शाहू महाराजांनी उभारलेले कोल्हापूरचे खासबाग मैदान तेथून हाकेच्या अंतरावर म्हणावे, इतके जवळ.

खुद्द कोल्हापुरातील एक हकीकत येथे सांगितल्याखेरीज राहवत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकत होते. चण लहान, म्हणून कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत त्यांना उतरू देईनात. तेव्हा ते थेट प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांच्याकडे गेले, प्राचार्यांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्याहून दांडगे गडी चीत केले, असे सांगतात. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांचा सहावा क्रमांक आला. मातीत वाढलेला हा मल्ल तेथे गादीवर लढला होता. पुढे 1952 साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली, तेव्हा प्रवासखर्च कोण देणार हा प्रश्न पडला. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. पण ती पुरी पडेना. तेव्हा खर्डेकरांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

त्या वर्षी भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक आणले, आणि देशभर जयजयकार झाला तो हॉकीचा. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर बैलगाड्या जोडून मिरवणूक काढली ती त्यांच्या मुलखातल्या लोकांनी.

ही हकीकत मी पडवीत सांगितली, तेव्हा क्रिकेटवाले गृहस्थ म्हणाले, "म्हणजे तुमच्या मते कुस्ती सर्वांत मोठी?" माझे म्हणणे तसे नव्हते. ज्या खेळाच्या सामन्याला गर्दी लोटते, त्याला कोणा प्राचार्याने घर गहाण टाकण्याची गरज पडत नाही. त्याची काळजी गर्दीच वाहते. शाळेने पाहावयाचे ते पुढे न आलेल्या मुलाकडे: ज्याची चण लहान, ज्याचा खेळ कोणाला ठाऊक नाही, ज्याला टाळ्या मिळत नाहीत. ज्या संताचे नाव सेंट पॉल्सने धारण केले आहे, त्याने करिंथकरांस लिहिताना धावपटूचाही दृष्टांत घेतला आणि मुष्टियोद्ध्याचाही. पैकी कोणता थोर, हे काही त्याने सांगितले नाही!

आणि आमच्या या साऱ्या वादात मुलींचे नाव कोणी काढले होते काय? मीही नाही, हे कबूल केले पाहिजे. 2018 साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत कुराश नावाचा कुस्तीसारखा खेळ प्रथमच घेण्यात आला. त्यात 52 किलो वजनाच्या गटात बेळगाव जिल्ह्यातील मलप्रभा जाधव हिने कांस्यपदक मिळविले. तिच्या हाती मुळात कला होती ज्यूदोची. त्या दिवसापूर्वी कुराश हा शब्द आपल्यापैकी कितीजणांच्या कानी पडला होता?

तोच, इतका वेळ आजोबांचे बोट धरून मुकाट उभी असलेली काकांची नात मध्येच म्हणाली, "आजोबा, ज्यूदो मुलींना कुठे शिकवतात?"

फुटबॉलवाल्यांनी क्रिकेटवाल्यांकडे पाहिले. दोघांनी माझ्याकडे पाहिले. पाऊस तोवर उघडला होता. काका छत्री काखेत मारून म्हणाले, "उद्या सोमवार आहे. क्रीडा खात्याच्या कचेरीत जाऊन विचारू." आणि नातीला घेऊन ते पायऱ्या उतरले.