मनी, धाकटी आणि धूळ-ओढणारे यंत्र

परभणीच्या आमच्या घरी मनी आली आणि धाकट्या बहिणीचा दमा बळावला. "मांजर सोडून या," आजी म्हणाली. मी व्हॅक्यूम क्लीनर शोधू लागलो. तेव्हा कळले, मित्रहो, की दोष केसांचा नाही. मांजराच्या लाळेतील व त्वचेतील प्रथिनांचा आहे. केस हे त्यांचे केवळ वाहन! केरसुणीने ती हवेत उडतात. साधे यंत्र केस ओढते, पण सूक्ष्म कण मागून पुन्हा सोडते. म्हणून वॅटच्या आकड्याआधी 'हेपा' गाळणी पाहावी, ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. शहाबादी फरशीला साधे तोंड पुरते, जाड गालिच्याला फिरता ब्रश हवा. तरी यंत्र म्हणजे औषध नव्हे. डॉक्टरांचा सल्ला घेतला. मनी घरात राहिली, पण धाकटीच्या खोलीबाहेर!