आधी हिशोब, मग व्हायरस

उदयनगरच्या बाजारात काय किंवा देवासमध्ये काय, विंडोज ७ वर दुकानाचा हिशोब ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: तिचे मोफत सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले. मशीन व्हायरसने भरलंय आणि हार्ड डिस्कही अडकतेय, तर आधी डेटा वाचवा. फुल स्कॅन अख्खी डिस्क वाचतो. थकलेली डिस्क त्यातच बसू शकते. इंटरनेट काढा, टॅलीचा डेटा, बिलं, फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या. ईएक्सई फायली नकोत. कॉपी केलेलं अपडेट असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर स्कॅन करूनच उघडा. डिस्क टकटक करत असेल तर मात्र लगेच बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. खराब डिस्क फॉरमॅटने सुधारत नाही, बदलावीच लागते.