सीमा ओलांडली, हक्क सोबत आले

परदेश म्हटला की आपल्याला व्हिसाची रांग आणि विमानतळावरचा शिक्का आठवतो. पण सीमेपलीकडे गेलेल्या माणसाच्या हक्कांचा इतिहास भलताच रंगतदार आहे. त्यात मराठी नावं आणि महाराष्ट्रातली गावं तर जागोजागी भेटतात.

हेगच्या न्यायपीठापुढे दोनदा

८ जुलै १९१०. मार्सेल बंदरात उभ्या असलेल्या ‘मोरिया’ जहाजातून ब्रिटिशांच्या कैदेतल्या विनायक दामोदर सावरकरांनी समुद्रात उडी घेतली, पोहत फ्रान्सचा किनारा गाठला. फ्रेंच पोलिसानं त्यांना पकडलं आणि ब्रिटिशांच्या हवाली केलं. ‘आमच्या भूमीवरून माणूस असा नेलाच कसा?’ असा सवाल फ्रान्समध्ये उठला आणि प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल असा की अटकेत अनियमितता झाली हे खरं, पण म्हणून कैद्याला फ्रान्सकडे परत पाठवायचं बंधन ब्रिटनवर नाही! खटला दोन सरकारांमधला होता. ज्याचं आयुष्य पणाला लागलं होतं, त्याला त्यात बाजू मांडायची सोयच नव्हती.

१०८ वर्षांनी पुन्हा हेग, पुन्हा परक्या भूमीवरचा मराठी कैदी. पाकिस्तानात फाशीची शिक्षा झालेल्या कुलभूषण जाधवांच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी सांगितलं, की जाधवांना भारतीय वकिलातीशी संपर्क नाकारून पाकिस्ताननं व्हिएन्ना कराराचा भंग केला आहे. शिक्षेचा फेरविचार करा आणि तोवर फाशी थांबवा, असा आदेशही दिला. भारताची बाजू मांडली नागपूरच्या हरीश साळव्यांनी. मानधन घेतलं १ रुपया.

दोन निकालांमधला फरक कशानं पडला? १९६३ च्या व्हिएन्ना करारानं. परदेशात अटक झाली तर ‘माझ्या देशाच्या वकिलातीला कळवा’ असं सांगायचा हक्क त्याच्या कलम ३६ नं दिला आहे. विद्यार्थी, पर्यटक, कामगार, सगळ्यांना. नोकरी-शिक्षणासाठी बाहेर निघालेल्या प्रत्येक मुलामुलीला हे घरातून निघण्याआधी माहीत असायलाच हवं.

कोल्हापूरजवळचं छोटं पोलंड

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीनं लाखो पोलिश लोकांना सैबेरियात आणि मध्य आशियात हाकललं. त्यातून सुटलेले काहीजण इराणमार्गे भारतात आले आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहू लागले. बहुतेक बायका आणि मुलं. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. युद्धानंतर ते पांगले, कुणी ब्रिटनला, कुणी पोलंडला. आणि फाळणीनंतर त्याच जागेत कोण आलं? सिंधमधून घरदार सोडून आलेले सिंधी बांधव! आज जिथे लग्नसराईच्या कापडखरेदीला लोक गाड्या भरभरून जातात, ते गांधीनगर तिथेच उभं राहिलं. दोन खंडांतल्या बेघरांना एकाच माळरानानं आसरा दिला, याचा कोल्हापूरकरांना अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा.

जोडीला एक कायदेशीर तपशील. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारतानं सही केलेली नाही, निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही आपल्याकडे नाही. तरी राज्यघटनेच्या कलम २१ मधला जीविताचा हक्क भारताच्या भूमीवर असलेल्या परदेशी माणसालाही मिळतो. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं हेच बजावलं होतं.

एक नागरिकत्व, तीनदा

भगतसिंग थिंद पंजाबातून अमेरिकेत गेले आणि पहिल्या महायुद्धात त्या देशाच्या सैन्यात भरती झाले. १९१८ मध्ये नागरिकत्व मिळालं आणि चारच दिवसांत गेलं. १९२० मध्ये पुन्हा मिळालं. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘तुम्ही गोरे नाही’ म्हणून तेही नाकारलं. १९३६ मध्ये तिसऱ्यांदा मिळालं, ते कायमचं. १९४६ मध्ये अमेरिकेनं भारतीयांसाठी दार किलकिलं केलं. किती? वर्षाला फक्त १०० जणांपुरतं!

कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंचा झगडाही असाच नेटाचा. पिढ्यान्‌पिढ्या रायगडात राहिलेली, घरात मराठी बोलणारी ही माणसं इस्रायलला गेली. तिथे १९६२ मध्ये धर्मपीठानं लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करायचा फतवा काढला. त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं जाहीर केलं.

तुमचा पासपोर्ट तुमचा नाही!

१९६७ पर्यंत भारतात पासपोर्ट देणं न देणं ही सर्वस्वी सरकारची मर्जी होती. सतवंत सिंग साहनी नावाच्या व्यावसायिकानं आव्हान दिलं. परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ३ विरुद्ध २ मतांनी ठरवलं आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. मग १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट कारण न सांगता जप्त झाला. १९७८ च्या निकालात न्यायालय आणखी पुढे गेलं: नुसता कायदा असून भागणार नाही, त्यानं घालून दिलेली पद्धतही न्याय्य हवी. त्या सात न्यायाधीशांमध्ये पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते.

याच पासपोर्ट कायद्यातलं कलम १७ फार कामाचं आहे. पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे, असं ते सांगतं. म्हणजे तो अडकवून ठेवायचा अधिकार ना एजंटला, ना मालकाला. कतार, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीतही मालकानं कामगाराचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवायला मनाई आहे. रत्नागिरी-रायगडातून आखातात जाणाऱ्या किती घरांना हे ठाऊक असतं?

तेव्हा आखाती नोकरीसाठी कुणी एजंट दारात आला, तर त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. त्याची पावती घ्या. पासपोर्टची आणि कराराची एक प्रत घरी ठेवून मगच निघा.