शिवण शिकणाऱ्या घरासाठी कापडाची निवड



ऊसबिलाचा हप्ता हाती आला की कित्येक घरांत लेकीसाठी किंवा सुनेसाठी शिलाई मशीन येते. चांगली गोष्ट आहे. पण शिवारफेरीत आम्हांस असेही दिसते की काही मशिनी चार महिन्यांतच चादरीखाली झाकून पडतात. मशीन बिघडलेले नसते, पहिले कापडच चुकलेले असते. निसरड्या कापडावर टीप वाकडी जाते, पोरीला वाटते आपल्याला जमत नाही, आणि पैसे अडकून पडतात. बेणे खराब असले तर खत-पाणी कितीही द्या, उगवण साधत नाही. तसेच हे.

कापड कोणते घ्यावे? आपले साक्री धुळे-सुरत रस्त्यावरचे गाव. सुरतेचे कृत्रिम धाग्याचे कापड दिसायला झकपक, पण शिकणाऱ्या हाताला ते सरकते. प्रथम सुतीच घ्यावे. त्यातही मांजरपाट उत्तम; स्वस्त, घट्ट, न सरकणारे. नंतर पॉपलीन. दुकानात "स्वस्तातले दाखवा" न म्हणता "शिकायला सुती द्या" असे सांगावे.

खात्री करायची तर कडेचे दोन-चार धागे काढून, चिमट्यात धरून, मोकळ्या जागी काडी लावावी. सुती धागा कागदासारखा जळतो व मऊ राख होते. कृत्रिम धागा आकसतो व त्याची कडक गोळी बनते.

दर विचारण्याआधी पन्हा विचारावा. ३६ इंची आणि ४४ इंची पन्ह्याचा मीटरचा भाव सारखा असेल, तर रुंद कापड परवडते. कटपीस स्वस्त मिळतो, पण उलगडून डाग, भोके आणि लांबी पाहिल्याशिवाय घेऊ नये. सुती कापड आटते, म्हणून बेतण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करावी. हे टाळले तर पहिल्या धुण्यातच कपडा तोकडा होतो.

सोबत काय लागते?

१) कात्री : फक्त कापडासाठीच. तिने कागद कापला की धार जाते.
२) टेप (१५० सें.मी.) व शिंप्याचा खडू.
३) मशीनच्या सुया : पातळ कापडास ११ नंबर, मध्यमास १४, जाडास १६.
४) दोरा : ओढून पाहावा, झटकन तुटणारा नको. रंग जुळत नसेल तर किंचित गडद घ्यावा.

आधी पिशवी शिवावी, मग उशीचा अभ्रा, मग परकर. ब्लाऊज सर्वांत शेवटी. पिशवीची शिवण चुकली तर उसवता येते. महागाचे ब्लाऊजपीस एकदा कापले की कापले.

पहिली खरेदी शक्यतो जवळच्या बाजारातच करावी. दोरा संपला, सुई मोडली की धुळ्याची फेरी परवडत नाही, आणि ओळखीचा दुकानदार पुढच्या वेळी योग्य कापड आपणहून दाखवतो.

आणखी एक. बरेच बंधू बाजारातून कापड स्वतःच घेऊन येतात. मशीन जिच्या हाताखाली चालायचे, तिला बरोबर न्या. कापडाला हात तिनेच लावून पाहावा.

— ऊस विकास अधिकारी