लिदित्सेच्या उतारावरची ८२ मुलं

प्रागपासून वायव्येला वीसेक किलोमीटरवर हिरवागार उतार लागतो. खाली दरी, मधून ओढा, बाकी नुसतं गवत. इथे लिदित्से नावाचं गाव होतं. चर्च, शाळा, घरं, सगळं होतं. आता त्या गवताकडे तोंड करून ब्राँझची ८२ मुलं उभी आहेत.

२७ मे १९४२ रोजी प्रागमध्ये नाझी अधिकारी राइनहार्ड हायड्रिखवर हल्ला झाला, ४ जूनला तो मेला. लिदित्सेचा त्या कटाशी काडीचाही संबंध नव्हता, तरी सूड उगवला गेला तो या गावावर. १० जूनला एका शेतवाडीच्या भिंतीला गाद्या टेकवल्या आणि तिच्यापुढे १७३ पुरुषांना उभं करून गोळ्या घातल्या. घरं जाळली, सुरुंगांनी उडवली, दफनभूमीसुद्धा उकरली. बायकामुलांना क्लाद्नोच्या एका शाळेच्या व्यायामशाळेत कोंडलं आणि तिथेच त्यांची ताटातूट केली. आयांची रवानगी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत, मुलांची पोलंडमधल्या वूचला. तिथून काही मुलांनी आप्तांना पत्रं धाडली. त्यांत मागणं होतं कपड्यांचं, खाण्याचं. मग खेउम्नोच्या छावणीत ८२ मुलांना विषारी वायूने मारलं. ४२ मुली, ४० मुलगे. युद्ध संपल्यावर परतलेल्या आयांनी खूप शोधाशोध केली. १७ मुलं तेवढी परत मिळाली.

शिल्पकार मारिये उखितिलोव्हा यांनी १९६९ मध्ये या मुलांच्या स्मारकाचं काम हाती घेतलं. त्यांची कला तेव्हाही चेकोस्लोव्हाकियात खिशाखिशात होती: एक कोरुनाच्या नाण्यावरची, गुडघे टेकून रोप लावणारी स्त्री त्यांनीच घडवलेली. लिदित्सेसाठी एखादी शोकमग्न आई घडवली असती तरी भागलं असतं. किती स्मारकं तशीच आहेत. उखितिलोव्हांनी मात्र मेलेल्या प्रत्येक मुलामागे एक पुतळा करायचं ठरवलं. त्यात वीस वर्षं गेली. मला या स्मारकाचं मोठेपण त्या हट्टात दिसतं.

मोठी मुलं मागे, धाकटी पुढे. कुणी कुणाचा हात धरलाय. कुणी रडत नाही, ओरडत नाही. जरा वेळापूर्वी कुणीतरी 'इथेच थांबा' म्हणून गेल्यासारखी ती उभी आहेत. पायांशी येणारे-जाणारे बाहुल्या, कापडी अस्वलं ठेवून जातात.

प्लास्टरमध्ये सगळी मुलं घडवून झाली आणि १९८९ च्या नोव्हेंबरात उखितिलोव्हा गेल्या. या उतारावर ती उभी राहिलेली त्यांना पाहता आली नाहीत. पती यिर्झी हाम्प्ल यांनी लोकवर्गणीच्या आधाराने ओतकाम चालू ठेवलं. १९९५ मध्ये पहिली तीस मुलं आली, २००० मध्ये शेवटची.

२०१० मध्ये त्यांतली एक छोटी मुलगी चोरीला गेली. एक जागा रिकामी दिसू लागली. ती तशी ठेवली नाही. तिचा पुतळा नव्याने ओतून आणला आणि पुन्हा तिच्या जागी उभा केला.