शाळा गेली मुलांच्या अंगणात

राज्यातल्या बहुतेक शाळांचा दिवस परिपाठाने सुरू होतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, फळ्यावरचा सुविचार, दिनविशेष. मूल्यशिक्षणाच्या यादीत श्रमप्रतिष्ठा आहे, संवेदनशीलता आहे, स्त्री-पुरुष समानता आहे, सौजन्यशीलता आहे. पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं. दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने शिकता यावं, ही जबाबदारी २०१६ च्या कायद्याने शाळांवर टाकली. कागदावर काही राहिलेलं नाही. तरीही वर्ग झाडायची वेळ आली की हाक बहुधा मुलींना जाते. वृक्षारोपणाचा फोटो निघतो आणि मे महिन्यात त्या रोपाला पाणी घालायला कुणी नसतं. समतेवरचं भाषण घडाघडा म्हणणारा मुलगा डबा कुणाशेजारी बसून खायचा, हे घरूनच ठरवून आलेला असतो.

मुलं ऐकून शिकतात, हे खरंच. पण तीन ते आठ वर्षांच्या वयात ती कानांपेक्षा शाळेच्या मांडणीतून जास्त शिकतात. शाळा कुठे भरते, ती कुणासाठी थांबते, कुणाची भाषा तिथे चालते, कचरा कोण उचलतं, हे सगळं मूल रोज पाहत असतं आणि त्यावरून जग कसं चालतं याचा अंदाज बांधत असतं. चारित्र्य, सर्वांना सामावून घेणं आणि सृष्टीची काळजी यांचे तीन वेगळे तास लावण्यापेक्षा शाळेची मांडणीच बदलायची, हा प्रयोग महाराष्ट्रात ऐंशी वर्षांपूर्वी झाला आहे. तो केला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी आणि कोसबाडला.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. घर प्रार्थना समाजाच्या वळणाचं. राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्यपदावरून त्या १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचारात ते मारिया मॉन्टेसोरींच्या पुस्तकांपर्यंत पोचले आणि वकिली सोडून बालमंदिर चालवू लागले. त्या बालमंदिरात छडी नव्हती आणि बक्षीसही नव्हतं. छडीला विरोध आज सगळेच करतात. बक्षिसाला विरोध मात्र अजूनही पुष्कळांना पटत नाही. पण गिजुभाई आणि ताराबाई भीती आणि लालूच यांना एकाच माळेचे मणी मानत. चांगलं वागल्याबद्दल ज्याला चॉकलेट मिळतं, तो मुलगा चॉकलेट देणारा समोर नसताना कसा वागेल, हा त्यामागचा साधा प्रश्न. चारित्र्याच्या शिक्षणाबद्दल मी जे काही वाचलं आहे, त्यात इतका थेट प्रश्न मला दुसरा भेटला नाही.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ निघाली, पुढे १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. शहरी मध्यमवर्गाने बालशिक्षण उचलून धरलं आणि इथेच ताराबाईंना अस्वस्थता येऊ लागली. रोममध्ये १९०७ साली मारिया मॉन्टेसोरींनी पहिलं बालगृह काढलं ते सान लोरेंझोच्या गरीब वस्तीत, कामावर जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी. भारतात येता येता तीच पद्धत फी परवडणाऱ्यांची झाली होती. साहित्य महाग, इमारत महाग, प्रशिक्षित शिक्षिकाही शहरातच राहणाऱ्या. गांधीजी १९३१ मध्ये लंडनला मॉन्टेसोरींना भेटले, तेव्हा त्यांच्याही मनात खेड्यातल्या गरिबांची मुलंच होती. गांधीजींची शिक्षणपद्धती, नई तालीम, बाळपणापासून सुरू झाली पाहिजे, हा विचार पुढे आला तेव्हा ते काम कोणी करून दाखवायचं, हा प्रश्न होता. ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. वय त्रेपन्न, शहरात नाव झालेलं. बरोबर आल्या पस्तिशीतल्या अनुताई वाघ. अनुताई बालविधवा, नोकरी करता करता शिकलेल्या, पुण्यात शिक्षिकेची घडी बसलेली. ती मोडून त्या आल्या.

बोर्डी समुद्रकाठचं गाव. चिकूच्या वाड्या, सुरूची झाडं, पारशी आणि गुजराती बागायतदार, कोळी, आणि आतल्या बाजूला वारली आदिवासींचे पाडे. ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडलं. गावातली मुलं आली. ज्यांच्यासाठी केंद्र काढलं, ती हरिजन वस्तीतली आणि पाड्यावरची मुलं मात्र येईनात. कारण उघड होतं. आईबाप पहाटे मजुरीला जात, मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड असे, अंगावर कपडा नसे, आणि गावातल्या मुलांबरोबर एका जाजमावर बसायचं धाडस पिढ्यान्‌पिढ्यांत कुणी केलेलं नव्हतं. अशा वेळी एखादी संस्था हजेरीपटावर शेरा मारते, ‘पालक उदासीन’. ताराबाईंनी आणि अनुताईंनी तो शेरा मारला नाही. मुलं बालवाडीत येत नसतील तर बालवाडी मुलांच्या अंगणात न्यायची, असं ठरलं.

मग सकाळी शिक्षिका वस्तीवर जाऊ लागल्या. आधी आंघोळी, नखं कापणं, केस विंचरणं, आणि मग तिथेच, कुणाच्या तरी अंगणात, गाणी, गोष्टी, खेळ. अंगण झाडायचं ते सगळ्यांनी मिळून. पुण्याहून आलेल्या एका विधवेने हरिजन वस्तीत पोरांना न्हाऊ घालावं, ही १९४५ मध्ये केवढी गोष्ट होती, हे आज समजावून सांगावं लागतं. आपल्या अंगणात आलेल्या बाई आपल्याला हात लावतात, आपल्या आईशी बोलतात, खरुजेला नाक मुरडत नाहीत, हे त्या मुलाने पाहिलं. समतेवर त्याला कुणी भाषण दिलं नाही. अंगणवाडी ती हीच. केंद्र सरकारने १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना आणली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं आणि आज ते देशभर, गावोगावच्या पाटीवर आहे.

साहित्याचा प्रश्नही असाच सुटला. मॉन्टेसोरींचे लाकडी ठोकळे आणि मनोरे विकत घेणं शक्य नव्हतं आणि त्यांची गरजही नव्हती. लहान-मोठं, खरखरीत-गुळगुळीत, जड-हलकं हे कळण्यासाठी समुद्रकाठी शिंपले होते, रानात बिया आणि शेंगा होत्या, ओढ्यात गोटे होते, पानं होती, बांबू होता. मोजायला चिंचोके. ओळी मांडायला पाकळ्या. हा काटकसरीचा उपाय होता, पण त्याचा परिणाम काटकसरीपलीकडे गेला. आपल्या पाड्याभोवती जे पडलेलं आहे तेच शिकण्याचं साहित्य आहे, ही गोष्ट वारली मुलाला कळली की त्याला स्वतःच्या घराची लाज वाटेनाशी होते. आणि ज्या झाडाच्या शेंगेवर आपण मोजायला शिकलो, ते झाड त्याच्यासाठी पुस्तकातल्या ‘झाडे लावा’मधलं झाड राहत नाही. पर्यावरणाचं शिक्षण म्हणून आपण आज पाच-सहा वर्षांच्या मुलांना वितळणाऱ्या हिमनद्यांची चित्रं दाखवतो. त्या वयाला ते ओझं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला आपल्या बांधावरचा ऐन आणि खैर ओळखू येत नाही, त्याला ध्रुवावरच्या अस्वलाबद्दल फक्त भीती देता येते.

१९५७ मध्ये काम समुद्रकाठाहून आतल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, थेट वारल्यांच्या मुलखात. तो मुलूख दहा-बारा वर्षांपूर्वीच एका मोठ्या उलथापालथीतून गेला होता. ताराबाई बोर्डीला आल्या त्याच १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली याच पट्ट्यातले वारली वेठीविरुद्ध उठले होते. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांपायी नवरा-बायको दोघंही सावकाराकडे राबायची, त्यांना लग्नगडी म्हणत. वेठ मोडली, पण अज्ञान आणि भूक एका उठावात मोडत नाही. या दोन कामांची वाट वेगळी होती, राजकारणही वेगळं. पण दोन्हीकडे पहिली पायरी एकच होती, पाड्यावर जाऊन राहणं.

कोसबाडला विकासवाडी उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. ही रचना नीट पाहण्यासारखी आहे. आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही कारण तिच्याकडे दीड वर्षाचा भाऊ आहे. शाळा तिला म्हणू शकते, भावाला घरी ठेवून ये. विकासवाडी म्हणाली, भावाला घेऊन ये. भाऊ पाळणाघरात, मधली बहीण बालवाडीत, ही स्वतः वर्गात. भावंडाला सांभाळणं हा तिचा दोष न मानता तिची जबाबदारी मानली, आणि त्या जबाबदारीतला अर्धा भार शाळेने आपल्या खांद्यावर घेतला. सामावून घेणं म्हणजे काय, याचं याहून नेमकं उदाहरण मला ठाऊक नाही. आजच्या शाळांत ‘समावेशन’ म्हणजे अनेकदा एक उतार बांधणं आणि एक रकाना भरणं असतं. उतार हवाच. पण मूल का येत नाही, हे त्याच्या घरी जाऊन विचारण्याला तो पर्याय होत नाही.

तरीही काही मुलं राहिलीच. ती गुरं घेऊन रानात जाणारी. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच त्यांना शाळेत बसवायचं तर गुरांचं काय करायचं? ताराबाईंनी त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली. शिक्षक गुराख्यांच्या मागे कुरणात जायचा. गुरं चरतील तिथे सावली बघून शाळा भरायची आणि गुरं पुढे सरकली की शाळाही सरकायची. मोजायला समोर गुरं होती, ओळखायला गवतं, पाखरं, झाडं आणि आकाश होतं. यातल्या पुष्कळ गोष्टी मुलांना शिक्षकापेक्षा जास्त ठाऊक होत्या. कोणतं गवत गुरं खात नाहीत, कोणत्या कंदाने तोंड खाजतं, पाऊस येणार हे कशावरून ओळखायचं, हे मूल सांगणार आणि शिक्षक ऐकणार. ज्या माणसांना आजवर फक्त अज्ञानी म्हटलं गेलं, त्यांच्या पोराकडून शिक्षकाने काही शिकून घेणं, यातून त्या पोराचा कणा ताठ होतो. वारली कणसरीला, धान्याच्या देवतेला मानतात, हिरव्या देवाला मानतात. रानाशी त्यांचं नातं पूजेचंही आहे आणि पोटाचंही. हे नातं पुसून टाकून त्याच मुलांना मग ‘पर्यावरण संवर्धन’ शिकवायचं, असा उफराटा प्रकार कुरणशाळेत घडला नाही.

बोर्डी आणि कोसबाड ज्या तालुक्यात आहेत, त्या डहाणूला केंद्र सरकारने १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केलं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी प्राधिकरण आलं. आणि याच किनाऱ्यावर आता वाढवण बंदराचं काम होतंय. त्याची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. बंदर हवं की नको, यावर मच्छीमार, बागायतदार आणि सरकार यांची मतं वेगळी आहेत. पण या तालुक्यातल्या चौथीच्या मुलाला ‘परिसर अभ्यास’ शिकवताना त्याच्या परिसरातली सर्वांत मोठी घडामोड वर्गात यायला हवी. बाजू घेण्यासाठी नव्हे. खाडीत कोणते मासे अंडी घालतात, चिकूला काय लागतं, कामं कुणाला मिळतील, हे मुलांनी आपापल्या घरी विचारून यावं आणि दोन वेगळी उत्तरं शांतपणे ऐकून घ्यावीत यासाठी. वेगळं मत असणाऱ्या वर्गमित्राशी त्यानंतरही खेळता येणं, हा चारित्र्याचा भाग आहे.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताईंनी काम चालू ठेवलं. १९८२ मध्ये त्यांनी रमेश पानसे यांच्याबरोबर ग्राममंगल ही संस्था सुरू केली, डहाणू तालुक्यातच. अनुताई १९९२ मध्ये गेल्या. शाळेने मुलाकडे जाण्याची ही रीत नंतरही कुठे कुठे दिसत राहिली. वसईच्या परिसरात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा भरवल्या, कारण दिवाळीनंतर पालघरच्या पाड्यांवरची कुटुंबं भट्टीवर जातात आणि मुलंही बरोबर जातात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. शाळेत न आलेल्या मुलाला ‘गळती’ म्हणून मोजण्याऐवजी ते कुठे गेलं असेल याचा माग या शाळांनी काढला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ या वयाला पायाभूत टप्पा म्हटलं. खेळातून शिक्षण, मातृभाषेत शिक्षण, परिसरातलं साहित्य, हे सगळं त्यात आहे. कोसबाडच्या लोकांना ते वाचून नवं काही वाटलं नसेल. अडचण आहे ती हे करणाऱ्या बाईची. अंगणवाडी सेविका मुलांची वजनं घेते, पोषण आहार वाटते, लसीकरणाला आयांना गोळा करते, गरोदर बायांच्या नोंदी ठेवते, मोबाइलवर माहिती भरते, आणि राहिलेल्या वेळात शिकवते. सरकारच्या लेखी ती मानसेवी, म्हणून तिला पगार नाही, मानधन आहे. ग्रॅच्युइटीचा तिचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केला, तोही लढल्यावर. मुलांना श्रमप्रतिष्ठा शिकवायची तर सुरुवात या बाईच्या श्रमापासून करावी. तिच्या नोंदवह्यांसाठी वेगळी मदतनीस द्यावी, सकाळचे अडीच-तीन तास फक्त मुलांसाठी मोकळे ठेवावेत, आणि आपल्या भागातल्या बिया, शिंपले, मातीपासून साहित्य करायला दरवर्षी काही दिवसांचं प्रशिक्षण द्यावं, जे बोर्डी आणि कोसबाडच्या शिक्षिकांना मिळत होतं. यापुढची पालकसभा किंवा ग्रामसभा भरेल तेव्हा आपल्या गावच्या अंगणवाडीबद्दल एवढ्या तीन गोष्टी तरी विचाराव्यात.